फटफटी : कामाचा बैल कीं वरातीचा घोडा ?

पोळ्याच्या दिवशीं आपण बैलांचीं शिंगें रंगवितों, पाठीवर झूल घालतों, गळ्यांत घागरमाळा बांधतों आणि पुरणपोळीचा घास त्यांस भरवितों. हा मान बैलास त्याच्या रूपासाठीं मिळत नाहीं. वर्षभर त्यानें जूं वाहिलें म्हणून मिळतो. आधीं काम व मग शृंगार, हा आपल्या वाडवडिलांचा क्रम होता. एका नव्या वाहनाच्या बाबतींत तो उलटा होऊं लागला आहे, म्हणून हे चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें.

तें वाहन म्हणजे मोटरसायकल, आपल्या बोलींतील फटफटी. कोणत्याहि रविवारीं सकाळीं परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभें राहावें. एक गाडी दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन अडकवून परतवाड्याच्या बाजाराकडे येत असते. दुसरी, तिच्या दुपटीहून अधिक किमतीची, मोठा आवाज करीत रिकामीच घाटाकडे जात असते. कधीं कधीं या दोन्ही गाड्या एकाच घरच्या असतात. पहिली बापाची, दुसरी मुलाची.

हें वाहन चैनीचें कीं गरजेचें, याचें उत्तर देशोदेशीं निराळें मिळतें. अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसन कंपनी १९०३ सालीं निघाली. परंतु १९०८ पासून फोर्डची स्वस्त मोटार शेतकऱ्याच्याहि दारीं येऊं लागली आणि मोटरसायकल हळूहळू पोलिसांची व हौशी लोकांची झाली. युद्धानें खचलेल्या जपानांत सोइचिरो होंडा यांनीं प्रथम साध्या सायकलींस लहान इंजिनें जोडलीं. त्यांच्या कंपनीनें १९५८ सालीं काढलेली ‘सुपर कब’ इतकी खपली कीं, २०१७ पर्यंत तिच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. व्हिएतनामांत भाजीपाला, कोंबड्या व सबंध कुटुंब याच वाहनावरून जातें. युगांडांत भाड्याच्या मोटरसायकलीस ‘बोडा-बोडा’ म्हणतात. त्यांत आपल्या महाराष्ट्रांतील बजाज कंपनीची ‘बॉक्सर’ पुष्कळ दिसते. जेथें मोटार सर्वांस परवडते तेथें मोटरसायकल खेळणें होतें. जेथें परवडत नाहीं तेथें ती बैल होते.

आपल्या देशांत दोन्ही प्रकार शेजारीं शेजारीं वाढले. मद्रासेंत १९५५ सालीं एन्फिल्ड इंडिया कंपनी निघून ‘बुलेट’ येथें तयार होऊं लागली. लष्कराचें व पोलिसांचें वाहन म्हणून तिचा जो दरारा होता, तोच पुढें गांवच्या वाड्यांपुढें येऊन उभा राहिला. १९७२ सालीं आलेल्या ‘चेतक’ स्कूटरीसाठीं लोकांस कित्येक वर्षें वाट पाहावी लागे. म्हणून तीहि प्रतिष्ठेची खूण ठरली. १९८५ सालीं हिरो होंडाची शंभर सीसीची, थोड्या पेट्रोलांत लांब पल्ला देणारी गाडी आली, तेव्हांच सामान्य शेतकऱ्यास खरा चाकांचा बैल मिळाला.

या बैलाचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. फवारणीचा पंप, बियाण्याची थैली, खताचें पोतें तो वाहतो. ओलिताला वीज मध्यरात्रीं आली, तर मळ्यांत तोच पोंचवितो. वरुड-मोर्शीचा बागाईतदार संत्र्याचा भाव पाहून दुपारच्या आंत बागेंत परत येतो. घरांत कोणी आजारी पडल्यास तालुक्याचा दवाखाना अर्ध्या तासावर येतो. इतकेंच नव्हे, तर दिमाखाची म्हणून प्रसिद्ध असलेली बुलेटहि कामास जुंपतां येते. सौराष्ट्रांतील अमरेली जिल्ह्यांत मनसुखभाई जगानी यांनीं १९९४ सालीं बुलेटचें मागचें चाक काढून तेथें औताचा सांगाडा जोडला व तिच्याकडून कोळपणी-पेरणी करविली. बैलजोडी पोसणें ज्यांस जड झालें होतें, त्यांच्यासाठीं हा शोध होता. म्हणजे दोष यंत्रांत नाहीं. त्यास आपण कशासाठीं दारीं आणतों, यांत आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. मासिक हप्ता हा नोकरदाराच्या सोयीचा आहे; त्याचा पगारहि महिन्याचाच असतो. आपला पैसा मात्र सोयाबीनचा दसऱ्याच्या सुमारास व कपाशीचा दिवाळीपासून पुढें येतो. जून ते सप्टेंबर हे महिने बियाणें, खत, निंदण व फवारणी यांतच जातात. त्यांत चार हप्ते चुकत नाहींत. मग पीककर्जांतून गाडीचा हप्ता भरावा लागतो, अथवा तो थकतो. दुसरें असें कीं, दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारीं यावी म्हणून सोयाबीन ओलें-सुकें जसें असेल तसें बाजारांत नेलें जातें. त्याच दिवसांत अकोल्यापासून अमरावतीपर्यंत आवक दाटते आणि भाव उतरतो. अशा रीतीनें गाडीची किंमत आपण दोनदां देतों. एकदां दुकानदारास आणि एकदां घसरलेल्या भावांत. कामाची गाडी हा भार वेळ व मजुरी वांचवून फेडते. दिखाव्याच्या गाडीपाशीं फेडावयास कांहींच नसतें. म्हातारा बैल निदान शेण तरी देतो. ही जुनी झाली कीं केवळ किंमत गमावते.

यावर कोणी म्हणेल कीं, तरुणास मान हवा असतो, त्याचें काय ? हा प्रश्न आम्ही हलका समजत नाहीं. आज वऱ्हाडांत दहा एकरांच्या धन्याच्या मुलास सोयरीक मिळणें कठीण झालें आहे. मुलीचा बाप नोकरी विचारतो. अशा वेळीं झगमगती गाडी हीच आपली पदवी, असें त्या मुलास वाटल्यास नवल नाहीं. परंतु कर्जानें घेतलेला मान पहिल्या दुष्काळांत उतरतो. आणि तीच गाडी सासऱ्याकडून मागितली जाते, तेव्हां तें एका शेतकऱ्यानें दुसऱ्या शेतकऱ्याचें रान गहाण टाकणें होय. १९६१ च्या कायद्यानें हुंडा घेणें व देणें हे दोन्हीहि गुन्हे आहेत. ‘आहेर’ हें नांव दिल्यानें त्या मागणीचें स्वरूप बदलत नाहीं.

मग करावें काय ? गाडी घेण्यास आमची ना नाहीं. ती बैलासारखी पारखून घ्यावी. काम कोणतें, पेट्रोल किती, दुरुस्ती गांवांत होते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. पैसा हंगामानंतरच्या शिलकेंतून द्यावा. आणि डोक्यावर शिरस्त्राण घेतल्यावांचून ती दाराबाहेर काढूं नये. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. परवाना नसलेल्या मुलाच्या हातीं किल्ली देणारा बाप त्यास मान देत नसतो, संकट देत असतो.

शिवाय आपल्या पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत पावसाळा लागला कीं काळ्या मातीचा चिखल मडगार्डांत गच्च बसतो आणि दोन लाखांची गाडीहि गांवच्या वेशीपाशींच उभी करावी लागते. तेथून शेतकरी खताचें पोतें डोक्यावर घेऊन पायींच जातो. पाणंद रस्त्यांसाठीं २०२१ सालीं राज्य सरकारनें ‘मातोश्री’ नांवाची योजना काढली. ज्या शिवारांत दहा घरांनीं दहा मोठ्या गाड्या घेतल्या, त्यांनीं धुऱ्याचे तंटे मिटवून एक पाणंद मोकळी केली असती, तर साधी गाडीहि बारमाही बांधावर गेली असती.

सभासद बंधूंनीं या लग्नसराईपूर्वीं आपल्या घरापुरता तरी निश्चय करावा : गाडी मागणार नाहीं, मागणाऱ्यास देणार नाहीं. आणि जी गाडी वर्षभर दूध, बियाणें व आजारी माणूस वाहील, तिला दसऱ्यास झेंडूची माळ अवश्य घालावी. तिनें ती कमावलेली असेल.