‘वंडरवॉल’वरचे अर्धे नाव

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून शहरी माणसाच्या मनातील या जिल्ह्याचे चित्र जवळपास ठरून गेले आहे : आंबोलीचा पाऊस आणि धबधबा, मालवणचा जलदुर्ग, सावंतवाडीची लाकडी खेळणी. वर्षासहलीसाठी आंबोलीचा घाट चढणाऱ्या मोटारीत पाश्चात्त्य रॉक संगीत वाजत असले तर त्यात आता कुणाला नवल वाटत नाही. मात्र याच जिल्ह्यातील एका गावाचे नाव आडनावात वागवणाऱ्या वादकाने सायकेडेलिक रॉकच्या एका गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी वादन केले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. गाव देवगड तालुक्यातील नारिंग्रे, वादक चंद्रशेखर नारिंग्रेकर, वाद्य सूरबहार आणि ध्वनिमुद्रिका जॉर्ज हॅरिसन यांची ‘वंडरवॉल म्युझिक’.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटन व अमेरिकेतील तरुण संगीतकारांनी गाण्याची ठरीव चौकट मोडली. फिती उलट्या फिरवणे, आवाजांचे थर एकमेकांवर चढवणे, एकाच स्वराभोवती रेंगाळणे अशा प्रयोगांतून जे संगीत उभे राहिले, त्याला सायकेडेलिक रॉक म्हटले गेले. सतार, तंबोरा आणि तबला या वाद्यांचे त्याला विशेष आकर्षण होते. बीटल्समधील हॅरिसन यांचे आकर्षण मात्र हौसेपुरते नव्हते. १९६६ मध्ये ते पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत येऊन राहिले होते. पुढे ज्यो मॅसो या दिग्दर्शकाने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत त्यांच्यावर सोपवले, तेव्हा जानेवारी १९६८ मध्ये ते पुन्हा मुंबईत आले. फोर्टमधील फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत काही दिवस ध्वनिमुद्रण चालले. रस्त्यावरील वाहनांचा आवाज पूर्णपणे रोखता येईल अशी सोय तेथे नव्हती. उरलेले काम लंडनमध्ये झाले.

मुंबईत जमलेला वादकांचा मेळ आज पाहिला तर थक्क व्हायला होते. सरोदवर आशीष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबला व पखवाजावर महापुरुष मिश्र, सतारीवर शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य व शंकर घोष, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनियम व तबलातरंगावर रिजराम देसाद आणि सूरबहारवर नारिंग्रेकर. याच मुक्कामात ध्वनिमुद्रित झालेल्या वाद्यसंगीतावर पुढे लंडनमध्ये गायन चढवून ‘द इनर लाइट’ हे गीत तयार झाले. मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूस आले आणि मुंबईतील वादकांचे स्वर बीटल्सच्या जगभरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

१ नोव्हेंबर १९६८ रोजी ‘वंडरवॉल म्युझिक’ ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या सदस्याची ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आणि त्यांच्या ‘ॲपल’ कंपनीचीही पहिलीच. पण तीनच आठवड्यांत बीटल्सची पांढऱ्या मुखपृष्ठाची प्रसिद्ध जोडध्वनिमुद्रिका आली आणि ‘वंडरवॉल’ तिच्या सावलीत गेली. अमेरिकेत तिने ४९ वा क्रमांक गाठला. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ती शिरलीच नाही.

तरीही ती विसरली गेली नाही. १९९२ मध्ये तिची सीडी निघाली, १९९५ मध्ये ‘ओअॅसिस’ने आपल्या सर्वाधिक गाजलेल्या गीतासाठी तिचेच नाव उचलले आणि २०१४ मध्ये ती नव्याने संस्कारित होऊन प्रसिद्ध झाली. दोन संगीतपरंपरांना शेजारी बसवून, एकीला दुसरीचे अलंकरण न बनवणारा प्रारंभीचा प्रयत्न, असे तिचे मूल्यमापन आता होते. नंतरच्या काळात ‘वर्ल्ड म्युझिक’ या नावाने जी बाजारपेठ उभी राहिली, तिची ही पूर्वखूण म्हणता येईल.

अर्थात समीक्षकांच्या क्रमवारीला अंतिम निवाडा मानण्याचे कारण नाही. याच प्रवाहातील सर्वांत नामवंत ध्वनिमुद्रिका, बीटल्सची १९६७ मधील ‘सार्जंट पेपर’, ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या सर्वश्रेष्ठ ५०० ध्वनिमुद्रिकांच्या यादीत २००३ आणि २०१२ मध्ये पहिली होती. २०२० मध्ये ती २४ व्या स्थानावर गेली आणि मार्विन गे यांची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिली आली. ध्वनिमुद्रिका तीच होती. मत देणारे कान बदलले होते. कीर्ती टिकते ती क्रमांकाने नव्हे, तर प्रत्येक पिढीने नव्याने ऐकून केलेल्या चर्चेने. अशा चर्चेला नोंदींचा आधार लागतो, आणि ‘वंडरवॉल’चे वेगळेपण येथेच आहे.

‘सार्जंट पेपर’वरील ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतात दिलरुबा, तबला व तंबोरा वाजवणाऱ्या भारतीय वादकांची नावे मुखपृष्ठावर नव्हती. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे जगासमोर येण्यास ५० वर्षे, म्हणजे २०१७ साल उजाडावे लागले. ‘वंडरवॉल’च्या वेष्टनावर मात्र मुंबईचे वादक वाद्यांसह नोंदवलेले आहेत. त्याच काळात आपल्याकडील चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार एवढीच नावे छापण्याची रीत होती. स्टुडिओत बासरी वा सतार कुणी वाजवली, याची दखल घेण्याची गरज कुणाला वाटत नव्हती. परक्या कंपनीने जे केले ते घरच्यांनी केले नाही, हे मान्य करावे लागेल.

पण या नोंदीही अपुऱ्याच. सूरबहारवादकाची ओळख केवळ ‘चंद्र शेखर’ एवढीच. शिवकुमार शर्मा यांच्यासारख्यांना अशा नोंदींची गरज उरली नाही. त्यांची कीर्ती स्वतंत्रपणे उभी राहिली. नारिंग्रेकरांच्या बाबतीत आडनावाबरोबर कोकणातील एका गावाचा धागाही तुटला. शिवाय १९ च्या १९ रचना हॅरिसन यांच्या नावावर आहेत, त्यांत निव्वळ तबला-पखवाजाचा तुकडाही आला. संकल्पना आणि संयोजन त्यांचे, हे खरेच. परंतु ज्या परंपरेत वादक वाजवता वाजवता रचना घडवतो, तिथे एकट्याला कर्ता ठरवणारा पाश्चात्त्य हिशेब तोकडा पडतो.

हा प्रश्न जुन्या तबकड्यांपुरता उरलेला नाही. आज गाणी मोबाइलवर ऐकली जातात. वेष्टन गेले, त्याबरोबर वादकांच्या नावांची जागाही आक्रसली. आंबोलीच्या घाटात गाडीतून जे ऐकू येते, त्यामागचे हात कुणाचे हे पडद्यावर क्वचितच दिसते. पर्यटन जिल्ह्याने धबधब्याबरोबर आपल्या मातीशी नाते सांगणाऱ्या कलावंतांचीही नोंद ठेवायला हरकत नाही. नारिंग्रे गावच्या वेशीवर एक साधा फलक लागला आणि त्यावर चंद्रशेखर नारिंग्रेकर हे नाव पूर्ण लिहिले गेले, तर सुरुवात तेवढीही पुरेशी आहे.