लॅपटॉप छोटा चालेल, कुलूपबंद नको

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10ला अपडेट देणे थांबवले. मुदतवाढ हवी त्यांनी वेगळी नोंदणी करायची. विंडोज 11ला अधिकृतपणे टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि ठरावीक नवेच प्रोसेसर चालतात. घरोघरी, शाळांच्या संगणक कक्षांत धडधाकट यंत्रे एका तारखेने ‘जुनी’ ठरली. आता सगळे म्हणतात, नवा घ्या. आपण मुकाट्याने का घ्यायचा?

1. सर्वात स्वस्त नवा लॅपटॉप बहुतेकदा महागात पडतो. अशा अनेक मॉडेलांत 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. वाढवता येत नाही, बदलताही येत नाही. एक चिप गेली की दुरुस्तीचा खर्च ऐकूनच माणूस नवा घेतो. ही बचत नव्हे, पुढे ढकललेला भुर्दंड आहे.

2. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळतात. थिंकपॅड एक्स270 पाहा. साडेबारा इंची पडदा, सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, म्हणजे विंडोज 11च्या अधिकृत यादीबाहेर. पण खालचे झाकण काढले की रॅम आणि एसएसडी बदलता येतात, मागची बॅटरी तर खटके सरकवून निघते. विंडोजऐवजी डेबियन किंवा मिंटसारखी मोफत लिनक्स प्रणाली त्यावर छान चालते. मॉडेलचा आकडा मात्र नीट वाचा, कारण पुढच्याच एक्स280मध्ये रॅम सोल्डर केलेली आहे. एक्स270सारखे यंत्र भंगारात घालणे ही निव्वळ उधळपट्टी आहे.

3. पैसे देण्याआधी लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप दुकानातच सुरू करा. इन्स्टॉल काहीच करावे लागत नाही. वायफाय जोडले जाते का? (काही ब्रॉडकॉम चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो, इंटेलचे कार्ड सहसा त्रास देत नाही.) आवाज, कॅमेरा, टचपॅड ठीक? झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का? बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आता किती उरली? बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड नाही ना? दुकानदार पेन ड्राइव्ह लावू देत नसेल, तर तिथे खरेदी करू नका.

4. ‘मुलांना विंडोजच यायला हवे’ हे कोणी ठरवले? केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मराठीतूनही आहेत. लिब्रेऑफिस मराठीत वापरता येते, मराठी टंकनाचा इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये तयारच असतो. अडचण मुलांची नाही, ठरवणाऱ्यांची आहे.

5. आणि सार्वजनिक पैशाचे काय? ई-गव्हर्नन्समध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने 2015 मध्येच स्वीकारले. तरी शाळेसाठी, वाचनालयासाठी यंत्रे घेताना रॅम बदलता येते का, हे विचारणारा कोण असतो? बंद पडलेल्या यंत्रांचा ढीग कोपऱ्यात साचतो आणि पुढची मागणी जाते. जाब विचारायचा हक्क पालकांचा आणि करदात्यांचा आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या, ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत तीन अटी लेखी मांडा: रॅम, साठवण आणि बॅटरी बदलता यावी, यंत्र लिनक्सवर चालवून दाखवल्याशिवाय बिल चुकते होऊ नये, आणि कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून पाहिल्याशिवाय नव्याला मंजुरी मिळू नये.