फ्लॅगला कुठे खेळवायचं? डलासच्या वादात सतनामची आठवण

एनबीएचे बरेचसे सामने आपल्याकडे पहाटे नाहीतर सकाळी दिसतात. त्यामुळे यंदा बास्केटबॉलवेड्या घरांत चहाबरोबर एकच वाद उकळतोय. डलास मॅव्हरिक्सच्या कूपर फ्लॅगची खरी जागा कोणती? जूनमध्ये ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर त्याची निवड झाली, तेव्हा तो फॉरवर्ड आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला आणि प्रशिक्षक जेसन किड यांनी या अठरा वर्षांच्या पोराला थेट पॉइंट गार्ड करून उतरवलं. पहिल्याच सामन्यात सॅन अँटोनियोने डलासला १२५-९२ असं धुतलं, समोरच्या वेम्बान्यामाने ४० गुण ठोकले, आणि फ्लॅगच्या खात्यात १० गुण व १० रिबाउंड जमा झाले. तेव्हापासून दोन तट पडले आहेत.

ज्यांना खेळ फारसा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू वर आणणारा, चाल रचणारा. सेंटर म्हणजे बास्केटखालचा खांब. या दोघांच्या मधले दोन फॉरवर्ड, एक बाहेरून मारणारा आणि एक आत धडक देणारा. कबड्डीची उपमा द्यायची तर कोपऱ्यात पाय धरण्यात तरबेज असलेल्या पोराला अचानक पहिली चढाई करायला पाठवावं, तसं काहीसं किड यांनी केलं. पोरगा अंगाने चपळ आहे, चढाईही करील. पण रोज, प्रत्येक डावात, समोरच्या सगळ्यात चिवट माणसाच्या अंगावर?

फ्लॅगबद्दल कौतुक उगाच नाही. मेन राज्यातल्या न्यूपोर्ट या छोट्या गावचा हा मुलगा. ड्यूक विद्यापीठातल्या एकाच हंगामात त्याने सरासरी १९.२ गुण, ७.५ रिबाउंड आणि ४.२ असिस्ट केले. या तिन्ही बाबतींत तो संघात पहिला होता. नोट्र डेमविरुद्ध ४२ गुण काढून त्याने आपल्या विभागात पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा विक्रम केला. उंची साधारण पावणेसात फूट, हात लांब, बचावात पाच जागांपैकी चार तरी सहज सांभाळणारा.

आता असिस्टचा आकडा बघून कुणी म्हणेल, हा तर चाल रचतोच की. इथेच गफलत होते. ड्यूकमध्ये तो रचना करायचा ती बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यावर. चेंडू दुसराच कुणी वर आणायचा, समोरचा बचाव एकदा हलायचा, आणि मग कोपराच्या रेषेपाशी चेंडू फ्लॅगच्या हातात यायचा. तिथून तो आत घुसायचा, थांबून मारायचा किंवा मोकळ्या साथीदाराला द्यायचा. हललेल्या बचावावर वार करणं आणि उभ्या बचावाला पहिल्यांदा हलवणं, ही दोन वेगवेगळी कामं आहेत. दुसरं काम सहा फुटांचा, जमिनीलगत टप्पे मारणारा गार्ड जास्त सहज करतो. पावणेसात फुटांच्या मुलाचा चेंडू उंचावरून टप्पे खातो, आणि समोरच्या गार्डला हात घालायला तेवढीच जागा मिळते.

मग किड यांनी हे केलं का? ते काही नवखे नाहीत. स्वतः जगातल्या उत्तम पॉइंट गार्डांपैकी एक होते, १९९४ मध्ये डलासनेच त्यांना दुसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं. शिवाय मिलवॉकीत प्रशिक्षक असताना २०१६ मध्ये त्यांनी यानिस आंतेतोकूम्पोच्या हाती चेंडू दिला आणि त्या माणसाचं नशीबच पालटलं. फ्लॅग गार्ड व्हावा म्हणणाऱ्यांचं हे हुकमी पान आहे, आणि ते हलकं नाही. फक्त एक गोष्ट ते विसरतात. यानिसला ती जबाबदारी मिळाली ती तिसऱ्या हंगामात. तोवर दोन-अडीच वर्षं तो कडेला उभा राहून, पळून, पडून शिकला होता. फ्लॅगला पहिल्या रात्रीपासून.

खरं कारण मला तरी वेगळं वाटतं, आणि ते फ्लॅगच्या खेळात नाही, डलासच्या कपाटात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये या संघाने लुका डॉन्चिचला लॉस एंजलिस लेकर्सकडे देऊन बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिसला आणलं. चाहत्यांनी त्याचा शोकच पाळला म्हणा ना. मार्चमध्ये कायरी अर्विंगच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. म्हणजे महिनाभरात चेंडू वर आणणारी दोन्ही माणसं गेली. दुसरीकडे डेव्हिसला सेंटरपेक्षा फॉरवर्ड म्हणून खेळायला आवडतं, त्याच्या जोडीला लाइव्हली आणि गॅफर्ड हे दोन सेंटर, वर पी. जे. वॉशिंग्टन. पुढच्या ओळीत दाटी आणि मागची ओळ रिकामी. मेमध्ये लॉटरीत फक्त १.८ टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक डलासला लागला आणि फ्लॅग हाती आला. रिकामी खुर्ची होती तिथे त्याला बसवलं, एवढंच. घरात एकच खोली शिल्लक असली की नव्या सुनेची आवडनिवड कोण विचारतो!

नोव्हेंबरच्या ११ तारखेला, ३ विजय आणि ८ पराभव अशी अवस्था असताना, डॉन्चिचचा सौदा करणारे महाव्यवस्थापक निको हॅरिसन यांना घरी पाठवण्यात आलं. महिन्याच्या शेवटी रायन नेम्बार्ड नावाचा छोट्या चणीचा गार्ड पहिल्या पाचांत आला. हा तोच, ज्याला जूनच्या ड्राफ्टमध्ये कुणीच विचारलं नव्हतं. चेंडू वर आणायचं ओझं उतरल्यावर फ्लॅग मोकळा झाला. लॉस एंजलिस क्लिपर्सविरुद्ध ३५ गुण, आणि १५ डिसेंबरला युटाविरुद्ध ४२. अठराव्या वर्षी एनबीएच्या सामन्यात ४० चा आकडा ओलांडणारा तो पहिलाच. तो सामना डलास जादा वेळेत हरला, हेही सांगायला हवं. पण कुठून खेळल्यावर हा मुलगा काय करू शकतो, याचं उत्तर मैदानावर मिळालं. माझं मत विचाराल तर तो फॉरवर्डच आहे. चेंडू त्याच्या हातात भरपूर यावा, पण दुसऱ्या टप्प्यावर.

आता ड्राफ्टकडे येऊ. जागेचा हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही, त्यावर पैसा ठरतो. पहिल्या फेरीत निवडलेल्याला चार वर्षांचा करार मिळतो, त्यातली पहिली दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. पहिल्या क्रमांकाला ही रक्कम सहा कोटी डॉलरच्या वर जाते. दुसऱ्या फेरीतल्याला करार मिळेलच अशी कसलीही हमी नाही. त्यामुळे 'हा नक्की कुठे खेळणार?' असा प्रश्न एखाद्या फॉरवर्डच्या नावापुढे लागला की त्याची किंमत घसरते.

यंदाचंच उदाहरण घ्या. रटगर्सचा एस बेली हाही फॉरवर्ड, हवेत वळून अवघड फटके मारणारा. कॉलेजच्या यादीत त्याची उंची ६ फूट १० इंच होती. मेमध्ये शिकागोच्या चाचणीत अनवाणी मोजली तेव्हा ६ फूट साडेसात इंच भरली. अडीच इंचांत काय एवढं, असं आपल्याला वाटेल. पण त्या अडीच इंचांत 'आत धडक देणारा फॉरवर्ड' हा पर्याय बराचसा गेला आणि उरला तो बाहेरून मारणारा. त्यात त्याने संघांच्या खासगी चाचण्यांना जायचं टाळलं. वर्षभर पहिल्या तिघांत धरलेला हा मुलगा पाचव्या क्रमांकावर युटाकडे गेला. त्याच्याच कॉलेजचा डायलन हार्पर, हक्काचा गार्ड, दुसऱ्या क्रमांकावर. हे दोघे एकत्र असूनही रटगर्स १५ जिंकून १७ सामने हरलं होतं, त्यामुळे कॉलेजच्या निकालांना संघ किती किंमत देतात तेही दिसलं.

उलट उदाहरणही आहे. ड्रेमंड ग्रीन २०१२ मध्ये ३५ व्या क्रमांकापर्यंत घसरला, कारण आतल्या फॉरवर्डसाठी बुटका आणि बाहेरच्यासाठी संथ अशी त्याची ख्याती. ना घरका ना घाटका. तीनच वर्षांत गोल्डन स्टेटने त्याला चक्क सेंटर केलं. २०१५ च्या अंतिम मालिकेत चौथ्या सामन्यापासून त्यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवून इगुओडालाला सुरुवातीला उतरवलं, ग्रीन आत सरकला, आणि १६ जूनला ते विजेते झाले.

ती तारीख लक्षात ठेवा. बरोबर नऊ दिवसांनी, २५ जून २०१५ ला, ५२ व्या क्रमांकावर एक नाव पुकारलं गेलं. सतनाम सिंग. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंचांचा शेतकऱ्याचा पोर. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. आणि निवडणारा संघ कुठला? हाच, डलास.

त्या दिवशी आपल्याकडे सगळे हरखले होते, आणि हरखण्यासारखंच होतं. पण आज मागे वळून पाहिलं की लक्षात येतं, सतनाम ज्या जागेसाठी लहानपणापासून घडवला गेला ती जागाच त्या महिन्यात आकसत होती. लुधियानाच्या अकादमीत आणि मग फ्लोरिडात पाच वर्षं तो बास्केटखाली पाठ लावून खेळायला शिकला. दहा वर्षं आधी हे कौशल्य सोन्यासारखं होतं. २०१५ मध्ये संघांना हवा होता बाहेर येऊन गार्डच्या मागे धावणारा उंच माणूस. सतनाम डलासच्या डी-लीग संघात, टेक्सास लेजंड्समध्ये, दोन हंगाम होता. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे उत्तेजक चाचणीत अडकून दोन वर्षांची बंदी, आणि नंतर व्यावसायिक कुस्ती. बंदीचा दोष ज्याचा त्याचा. पण खेळातली त्याची वाट त्याच्या आधीच बंद व्हायला लागली होती.

फ्लॅगला लोक 'कुठेही खेळवा' म्हणू शकतात, कारण लहानपणापासून त्याला कुठल्याच एका जागेवर जखडलं गेलं नाही. उंच मुलगा असूनही चेंडू हातात घेऊन पळायची, चुकायची मुभा त्याला मिळाली. आपल्याकडे काय होतं ते बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंत कुठल्याही शालेय स्पर्धेच्या कडेला उभं राहून बघा. चौदा वर्षांखालच्या संघात एखादा पोर बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच असला की तो बास्केटखाली. "तू टप्पे मारू नको, वर हात धरून उभा राहा." सरांचंही चूक म्हणता येत नाही. स्पर्धा तीन दिवसांची, शाळेला ढाल हवी, आणि त्या वयात उंच पोर खाली उभा केला की सामने जिंकतात. पण तोच पोर सतराव्या वर्षी सव्वासहा फुटांवर थांबला, तर? राज्याच्या निवड चाचणीत सेंटर म्हणून बुटका, आणि गार्ड म्हणून चेंडू हाताळता येत नाही. ग्रीनला जो शिक्का बसला तोच, फक्त ग्रीनला तो पुसायला चार वर्षांचं कॉलेज मिळालं होतं. आपल्या पोराला बारावीचा अभ्यास असतो.

सतनामनंतर अमज्योत सिंग आणि प्रिन्सपाल सिंग हे दोन भारतीय फॉरवर्ड अमेरिकेतल्या दुय्यम लीगपर्यंत पोचले, त्यापुढे नाही. मुंबईत वरळीच्या डोममध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे संघ दोन सामने खेळून गेले. तेव्हा पुढचा भारतीय कधी, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. तो कुठल्या जागेवर खेळणारा असेल, हे फारसं कुणी विचारलं नाही.

डलासमध्ये अर्विंग परतला की हा वाद बराचसा आपोआप मिटेल. खुर्ची भरेल आणि फ्लॅग पुढच्या ओळीत जाईल. पण चहाच्या टेबलावर दुसरा विषय तयारच आहे. ड्यूकमध्ये फ्लॅगच्या पाठोपाठ कॅमेरॉन बूझर आला आहे. ६ फूट ९ इंचांचा फॉरवर्ड, दोनदा ऑल-स्टार झालेल्या कार्लोस बूझरचा मुलगा. वडील दुसऱ्या फेरीत निवडले गेले होते, मुलाचं नाव २०२६ च्या ड्राफ्टसाठी पहिल्या तिघांत घेतलं जातंय. आणि त्याच्याबद्दल पहिला प्रश्न काय विचारला जातोय? आतला फॉरवर्ड की सेंटर.