तक्रार नाही म्हणून

परवा एका ओळखीच्यांकडे जेवताना विषय निघाला आणि माझा आवाज चढला. (बायकोने टेबलाखालून पाय मारून पाहिला, तरी!) समोरचे गृहस्थ इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, एका कौन्सिलात नोकरीला. त्यांचं म्हणणं असं, की केअर होममधल्या ज्या म्हाताऱ्याची काही तक्रारच नाही, त्याचं स्वातंत्र्य हिरावलंय का हे तपासायला माणसं पाठवणं म्हणजे नुसते कागद काळे करणं. जो दाराशी जाऊन ओरडतो त्याचं तपासा की!

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही? पण ही सगळी तपासणी सुरू झाली तीच मुळी न ओरडणाऱ्या एका माणसामुळे.

१९९७ साली बॉर्नवुड हॉस्पिटलात एका ऑटिस्टिक माणसाला ठेवून घेतलं. कोर्टाच्या कागदांत त्याचं नाव फक्त 'एच. एल.'. त्याला बोलता येत नव्हतं. विरोध करत नाही म्हणून कायद्याने डांबून ठेवायचा कागदही कोणी केला नाही. ज्या जोडप्याच्या घरी तो राहत होता, त्यांना सुरुवातीला भेटूसुद्धा देईनात. १९९८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने ठरवलं, याला डांबलेलं नाहीच, कारण तो निघून जायला गेलाच कुठे? निघाला असता तर अडवणार होते, ते वेगळं! शेवटी २००४ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने कान उपटले, आणि २००९ पासून इंग्लंड-वेल्समध्ये 'डोल्स' नावाची तपासणी आली. माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतो का, इथे ठेवणं त्याच्या हिताचं आहे का, यापेक्षा कमी बंधनात भागेल का, हे त्या होमशी संबंध नसलेल्या माणसाने येऊन बघायचं. परवानगी जास्तीत जास्त वर्षाची.

२०१४ साली सुप्रीम कोर्टात लेडी हेल यांनी सांगितलं, पिंजरा सोन्याचा असला तरी पिंजराच. सतत देखरेख आहे आणि निघून जायची मुभा नाही, एवढं पुरे. माणूस खूश आहे की नाही हा प्रश्नच नाही. मग अर्जांचा पूर आला. २०२३-२४ मध्ये एकट्या इंग्लंडात ३ लाख ३० हजारांवर. निकाल २१ दिवसांत द्यायचा असतो, आणि लाखावर अर्ज पडून. २०१९ साली नवा कायदा पास केला, तो लागू करणं २०२३ मध्ये पुन्हा पुढे ढकललं.

म्हणजे गृहस्थांचं दुखणं खोटं नाही. ज्या माणसात काहीच बदल झालेला नाही, त्याच्यासाठी दर वर्षी पहिल्यापासून तेच फॉर्म भरायचे, हा वैताग मलाही कळतो. त्याची मुदत वाढवा ना. पण रांग मोठी आहे म्हणून रांगेतल्या गप्प माणसांनाच बाहेर काढायचं, हा कुठला न्याय?

आमच्या ओळखीतल्या एक काकू. मूळच्या साताऱ्याच्या, चाळीसेक वर्षं इथे काढलेली. डिमेन्शियाने आधी त्यांचं इंग्रजी नेलं. मराठी राहिलं, तेही तुटक. होमच्या दाराला कोड, खिडकी चार बोटं उघडते. अर्ज सात महिने पडून होता. मग पहिले डॉक्टर आले, त्यांनी इंग्रजीत विचारलं. काकू प्रत्येक प्रश्नाला हसून "यस, थँक्यू". झालं, समाधानी आहेत!

नशिबाने दुसऱ्या तपासणीला आलेल्या बाईंनी आधी लेकीला फोन केला आणि मराठी दुभाषी सोबत आणला. तेव्हा कळलं, रोज चारच्या सुमाराला काकू कोट घालून खुर्चीत बसतात ते कशासाठी. त्यांना चक्कर मारायला जायचं असायचं! कोणीतरी न्यायला येईल म्हणून वाट बघत बसायच्या. होमच्या वहीत मात्र रोजची नोंद, 'शांत आहेत'.

काकूंना घरी नेणं शक्य नव्हतं, हे लेकीलाही मान्य. परवानगी मिळाली, पण अटीवर, की रोज सोबत देऊन त्यांना बागेत न्यायचं.

गृहस्थांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अहो, अशा केसेस अपवादच." मी विचारलं, तपासायच्या आधी तुम्हाला ते कसं कळतं? तेवढ्यात श्रीखंड आलं.