आईला कोण शिकवणार?

गेल्या शनिवारी मामेबहिणीकडे गेलो होतो. तिचा मुलगा चार वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. ताई आत फोनवर होती आणि ब्युरोकडून नव्याच आलेल्या मावशी त्याला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून वरणभात भरवत होत्या. अगदी प्रेमाने, 'खा रे सोन्या' म्हणत. पोरगं ठसकत होतं. ताई धावत आली, त्याला खुर्चीत ताठ बसवलं, हनुवटी किंचित खाली घेतली आणि छोटे छोटे घास दिले. ठसका थांबला.

हे कुणी शिकवलं, विचारलं. तर म्हणे, "दोनदा न्यूमोनिया झाल्यावर कळलं."

च्यायला! मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. हॉस्पिटलने निदान सांगितलं, व्यायामाचा कागद हातात दिला, झालं. आपल्याकडे साधं नवीन टूल आलं तरी तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं, वर लंच फुकट!

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आईला काय शिकवायचं? माया असली की सगळं येतं." साफ चूक. माया त्या मावशींकडेही होती की!

साधा हिशोब करा. आठवड्याचे तास १६८. त्यातले थेरपिस्टकडे फार तर दोन. उरलेले १६६ तास मुलाला उचलणार, बसवणार, भरवणार कोण? घरातले. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण रोज चुकीचं बसवलं तर स्नायू आखडतात, सांधे वाकतात. मग त्या दोन तासांचा उपयोग काय?

बरं, हे ज्ञान नवीन आहे असंही नाही. मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली १९७२ साली. नॅशनल ट्रस्टचा कायदा १९९९ चा. त्याच ट्रस्टने काळजी घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 'सहयोगी' नावाची योजनाही आणली. ताईला मात्र यातलं अक्षरही कुणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की निदानाच्या कागदासोबत प्रशिक्षणाची तारीखही मिळाली पाहिजे. मराठीत, आणि प्रत्यक्ष मूल समोर ठेवून. फक्त आईला नाही. बाबा, आजी, मावशी, सगळ्यांना. आणि बाबांना त्यासाठी कंपनीने भरपगारी रजा द्यावी. टीम आउटिंगला देतातच ना?

असो. त्या दिवशी ताईने चमचा माझ्या हातात दिला, तर माझे हात थरथरले. या शनिवारी पुन्हा जातोय. शिकायला.