दुसरी पृथ्वी सापडल्याचा दावा आणि पुराव्याचे ओझे

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील प्रा. निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष जाहीर केला. पृथ्वीपासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर, सिंह तारकासमूहात, के२-१८बी नावाचा ग्रह आहे. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीने त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तपासला, तेव्हा त्यात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या कुळातील दुसऱ्या एका वायूच्या खुणा दिसल्या, असे या गटाचे म्हणणे होते. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातील सूक्ष्म वनस्पती तयार करतात. बस्स, एवढे निमित्त पुरे झाले! दुसरी पृथ्वी सापडली, जीवसृष्टी सापडली, आता माणूस तिकडे राहायला जाणार, अशी हाकाटी सुरू झाली. शास्त्रज्ञ मूळचे भारतीय असल्याने आपल्याकडील वाहिन्यांना तर दुप्पट चेव आला.

आमचा पेशा वकिलीचा. खगोलशास्त्रात आम्हाला पदवी नाही. परंतु दावा कोणता, पुरावा किती आणि तो सिद्ध करण्याचे ओझे कोणावर, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय न्यायालयाने आम्हाला लावली आहे. तेच प्रश्न येथे विचारले पाहिजेत, कारण अशा दाव्यांच्या जोरावर पुढच्या वीस-तीस वर्षांच्या अंतराळ मोहिमा आखल्या जात आहेत आणि त्यांवर जनतेचा पैसा खर्च होणार आहे.

त्या निष्कर्षाची ताकद किती होती? शास्त्रज्ञांच्या भाषेत 'तीन सिग्मा'. म्हणजे तसा संकेत निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. सर्वसामान्य माणसाला वाटेल, मग उरले काय? पण शोध लागला असे म्हणण्यासाठी विज्ञानात 'पाच सिग्मा'चा दंडक मानला जातो, जेथे योगायोगाची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी असते. आणखी निरीक्षणे हवीत, हे मधुसूदन यांच्या गटाने स्वतःच म्हटले होते. ते मथळ्यात कोणी छापले नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. फौजदारी खटल्यात ओळख परेड होते. पोलिसांनी साक्षीदारापुढे मोजकीच माणसे उभी केली, तर साक्षीदार त्यांतल्याच एकाकडे बोट दाखवणार. संशयिताच्या अंगकाठीची, वयाची पुरेशी माणसे रांगेत असली तरच त्या ओळखीला किंमत. येथेही तेच झाले. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच माहिती घेऊन रेणूंची रांग वाढवली, तेव्हा इतर अनेक रेणूही त्या संकेताशी तितकेच जुळू लागले. शिवाय हा वायू फक्त सजीवच बनवतात हे गृहीतकही टिकत नाही, कारण ६७पी या धूमकेतूवर त्याच्या खुणा आढळल्याचे २०२४ मध्येच पुढे आले होते. धूमकेतूवर कोणते शेवाळ वाढते? म्हणून के२-१८बी चा खटला आजही पुराव्याच्या टप्प्यावर आहे, निकालाच्या नव्हे. यात मधुसूदन यांचा काही गुन्हा आहे असे आम्ही म्हणत नाही. दावा करणे, माहिती उघड करणे आणि इतरांनी ती फोडून काढणे हेच विज्ञान आहे. गुन्हा असलाच तर सुनावणीआधी निकाल वाचून दाखवणाऱ्यांचा आहे.

या बाबतीत कार्ल सेगन यांनी केलेला प्रयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान वेग मिळवण्यासाठी पृथ्वीजवळून गेले. सेगन यांनी यानाची उपकरणे पृथ्वीकडेच रोखायला लावली. प्रश्न असा की, येथे जीवसृष्टी आहे हे आपल्याला ठाऊकच नाही असे समजून चाललो, तर केवळ या उपकरणांच्या साक्षीवर ती सिद्ध होते काय? १९९३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. भरपूर प्राणवायू, त्याच्यासोबत टिकूच नये इतका मिथेन, तांबडा प्रकाश शोषून घेणारे हिरवे रंगद्रव्य आणि सुसंघटित रेडिओ लहरी, अशा चार-पाच साक्षी एकमेकींना दुजोरा देत होत्या. एकटा साक्षीदार कितीही भला वाटला तरी सेगन यांनी त्याच्या भरवशावर काही म्हटले नाही. जे डोळ्यांसमोर आहे त्याचाही पुरावा मागायचा, याला वैज्ञानिक वृत्ती म्हणतात!

आपल्या संविधानाच्या कलम ५१-क मध्ये ही वृत्ती नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेली आहे. आणि त्याच देशात २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा घाट घातला, त्याविरुद्धची याचिका २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली. निकालाचा आदर ठेवूनच आम्ही म्हणतो की, शनी-मंगळाच्या दशेवर पोट भरणाऱ्यांना सूर्यमालेबाहेरच्या हजारो ग्रहांपैकी एकाचाही पत्ता पत्रिकेत लागला नव्हता. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला, तो फ्रान्समधील वेधशाळेत ताऱ्याच्या प्रकाशाची किंचितशी थरथर मोजून. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या नोंदीतील अशा सिद्ध झालेल्या ग्रहांची संख्या ६००० वर गेली.

आता हे ग्रह राहण्यायोग्य आहेत की नाहीत, ते कसे ठरवायचे? येथे मोहिमांच्या आखणीचा प्रश्न येतो. आजवरचे बहुतेक ग्रह सापडले ते ताऱ्यासमोरून ग्रह सरकताना ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो, त्यावरून. परंतु पृथ्वीसारखा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून आपल्याला सरकताना दिसण्याची शक्यता दोनशेत एक एवढीच असते. उरलेल्या १९९ चे काय? त्यांचा प्रकाश थेट टिपावा लागेल. आणि तारा अशा ग्रहापेक्षा सुमारे एक हजार कोटी पट तेजस्वी असतो. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर असताना त्याच्या काचेवर बसलेला काजवा शोधण्यापेक्षाही हे कितीतरी कठीण काम आहे.

उन्हात दूरचे पाहायचे तर आपण सूर्याआड हात धरतो. दुर्बिणीच्या आत तसा हात धरणाऱ्या उपकरणाला करोनाग्राफ म्हणतात. नासाच्या नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीची जुळणी २०२५ च्या अखेरीस पूर्ण झाली, तिच्यावर असे उपकरण चाचणीसाठी बसवलेले आहे. पृथ्वीसारखा ग्रह दाखवण्याइतके बळ त्यात नाही, पण पुढच्या पायरीचा पाया तेथे घातला जाईल. ती पुढची पायरी म्हणजे 'हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी', राहण्यायोग्य जगांची वेधशाळा. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञांच्या दशवार्षिक आढाव्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिची शिफारस केली. सुमारे सहा मीटरचा आरसा, अंदाजे ११०० कोटी डॉलर खर्च, उड्डाण २०४० च्या दशकात आणि उद्दिष्ट सुमारे २५ संभाव्य राहण्यायोग्य ग्रहांच्या वातावरणाची तपासणी. त्यासाठी दुर्बीण इतकी स्थिर हवी की, तिच्यातील हालचाल अणूच्या व्यासापेक्षाही कमी राहावी. असे यंत्र आज जगात कोणाकडेही नाही. ते बनवता येते हे आधी प्रयोगशाळेत दाखवायचे आणि मग आराखड्यावर सही करायची, असे ठरले आहे. हा क्रम आम्हाला पसंत आहे. जेम्स वेबच्या वेळी तो पाळला गेला नाही. ती २००७ मध्ये सुमारे १०० कोटी डॉलरमध्ये जाईल असे आरंभी सांगितले होते. प्रत्यक्षात ती डिसेंबर २०२१ मध्ये गेली आणि खर्च झाला सुमारे १००० कोटी!

नव्या वेधशाळेला केवळ प्राणवायू दिसला म्हणून भागणार नाही. लहान तांबड्या ताऱ्यांच्या प्रखर किरणांनी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन उडून जातो आणि मागे प्राणवायू उरतो, तेथे सजीवाचा संबंध नसतो. उलट, आपल्याच पृथ्वीवर जीवसृष्टी अवतरल्यानंतर शंभर कोटींहून अधिक वर्षे हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. त्या काळात कोणी लांबून पाहिले असते तर पृथ्वीला निर्जीव ठरवून मोकळे झाले असते. म्हणून अतिनील ते अवरक्त अशा सर्व प्रकाशात पाहणारी दुर्बीण मागितली आहे. वकिलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. संशयाचा फायदा देऊन सुटलेला प्रत्येक आरोपी निर्दोष असतोच असे नाही.

अशा कामाला किती चिकाटी लागते, ते विल्यम बोरुकी यांना विचारावे. ताऱ्यांची मंदावणारी चमक मोजून पृथ्वीएवढे ग्रह शोधण्याचा त्यांचा प्रस्ताव १९९० च्या दशकात नासाने चार वेळा परत केला. कोर्टाच्या कार्यालयातून दावा त्रुटी काढून परत येतो ना, तसा! इतके सूक्ष्म मोजमाप होणार नाही, हजारो तारे एकाच वेळी पाहता येणार नाहीत, यानाच्या थरथरीत सगळे बुडून जाईल, अशा हरकती होत्या. बोरुकी यांनी प्रत्येक हरकतीला प्रयोग करून उत्तर दिले. अखेर २००१ मध्ये मंजुरी मिळाली, मार्च २००९ मध्ये केप्लर दुर्बीण उडाली आणि २०१८ मध्ये बंद पडेपर्यंत तिच्या निरीक्षणांतून २६०० हून अधिक ग्रह हाती आले. याउलट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने नासाच्या विज्ञान विभागाचा निधी जवळपास निम्म्याने कापण्याचा प्रस्ताव ठेवला, त्याला तेथील दोन्ही पक्षांतून विरोध झाला. वीस वर्षांचे काम दर वर्षीच्या राजकीय लहरीवर टांगून ठेवायचे आणि दुसऱ्या पृथ्वीच्या गप्पा मारायच्या, हे ढोंग आहे.

आमचे काही सहकारी म्हणतील, ज्यांच्या वस्तीत नळाला पाणी नाही त्यांना १२४ प्रकाशवर्षांवरच्या पाण्याचे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु आकाशाचे ज्ञान ही पोट भरलेल्यांचीच मिरास, असा त्याचा अर्थ निघत असेल तर तो आम्हाला मुळीच मान्य नाही. ज्ञानापासून दूर ठेवणारे आजवर हेच सांगत आले, तुम्हाला याचे काय करायचे? आमचे म्हणणे असे की, हिशेब मागा आणि वाटाही मागा. केप्लर आणि टेस या दुर्बिणींची निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत. त्यांतून हौशी नागरिकांनीही ग्रह शोधले आहेत. हिंगोलीच्या किंवा माणगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थी संगणकावर ती उतरवून घेऊ शकतो. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूवरील साध्या १.२ मीटर दुर्बिणीवर 'पारस' हे उपकरण लावून २०१८ मध्ये ६०० प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाचे वस्तुमान मोजून दाखवले. तेव्हा हे काम फक्त श्रीमंत देशांचे आहे, हेही खरे नाही.

राहिले तिकडे पळून जाण्याचे स्वप्न विकणारे. आपल्याला सर्वांत जवळचा परका ग्रह प्रॉक्सिमा बी ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ मध्ये सोडलेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या वेगाने तेथे पोहोचायला ७५ हजार वर्षे लागतील. यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

परंतु एका गोष्टीवर खर्च केली पाहिजे, कारण तेथे आपल्या देशाचा पैसा गुंतला आहे. हवाई बेटावरील मौना केआ पर्वतावर तीस मीटर आरशाची दुर्बीण उभारण्याचा प्रकल्प आहे. दूरच्या ग्रहांचा वेध हे तिचे एक उद्दिष्ट. भारत त्यात भागीदार आहे. पुण्याची आयुका, बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि नैनितालची एरीज या संस्था त्यात आहेत आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ मध्ये सुमारे १३०० कोटी रुपये मंजूर केले. हा पर्वत मूळ हवाईवासीयांना पवित्र आहे. १८९३ मध्ये त्यांचे राज्य उलथवल्यावर ती जमीन त्यांच्या हातून गेली आणि १९६८ मध्ये वर्षाला एक डॉलर भाड्याने विद्यापीठाला दिली गेली. डोंगराच्या पावित्र्यावर आमचा विश्वास असण्याचे कारण नाही. पण प्रश्न पावित्र्याचा नव्हेच, सुनावणीचा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने दुर्बिणीचा परवाना रद्द केला, कारण हरकतदारांची सुनावणी होण्यापूर्वीच मंडळाने मंजुरीच्या बाजूने मतदान केले होते. नैसर्गिक न्यायाचा पहिला धडाच त्यांनी मोडला! पुढे नव्याने सुनावणी झाली, २०१८ मध्ये परवाना कायमही झाला. पण २०१९ मध्ये बांधकामासाठी गाड्या निघाल्या तेव्हा वृद्ध स्त्री-पुरुष रस्त्यावर बसले, त्यांना अटक झाली आणि काम थांबले ते थांबलेच. २०२२ मध्ये पर्वताच्या कारभारासाठी मूळ रहिवाशांचा सहभाग असलेले नवे प्राधिकरण कायद्याने नेमावे लागले. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने या दुर्बिणीला आराखड्याच्या अंतिम टप्प्यात पुढे न नेण्याचे ठरवले, तर स्पेनने ती ला पाल्मा बेटावर आणण्यासाठी ४० कोटी युरो देऊ केले.

राहण्यायोग्य जग शोधायला निघालेल्यांना तेथे राहणाऱ्यांची संमती आधी घेण्याचे सुचले नाही, याची किंमत विज्ञानाने दहा वर्षे मोजली. त्या मंजूर १३०० कोटींपैकी आजवर किती खर्च झाले, आपल्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत त्यातून काय उभे राहिले, दुर्बीण ला पाल्माला गेली तर भारताचा वाटा तोच राहणार काय आणि हवाईतच राहिली तर मूळ रहिवाशांच्या संमतीशिवाय आपण तेथे पाय ठेवणार काय, हे प्रश्न महाराष्ट्रातील एखाद्या खासदाराने येत्या अधिवेशनात लेखी विचारावेत. उत्तर आले की आम्ही ते याच स्तंभात छापू.