झील आणि ‘मम’

शाहिरानें चरण टाकला कीं मागचे झीलकरी ‘जी जी’ करून उचलतात. अर्थ कळतो म्हणून झील जोरांत निघते. सत्यशोधक जलशांनीं हीच झील धरून गांवोगांव लोक जागे केले. आणि लग्नांत? भटजी म्हणतात, ‘मम म्हणा’. आमचा घरधनी हात जोडून ‘मम’ म्हणतो. मम म्हणजे माझें. काय माझें? तें भटजीच जाणे! बैलाचे दांत पाहिल्याशिवाय इसार न देणारा हा गडी न कळलेल्या वचनाला होकार देतो, वर दक्षिणा मोजतो. (पुढाऱ्यांच्या सभेंतलें ‘विजय असो’ही याच जातीचें.)

जोतीरावांनीं १८८७ सालीं मराठी मंगलाष्टकांचें पुस्तक काढलें. त्यांत नवरीला तोंड आहे. ती स्त्रियांचे हक्क मागते, नवरा त्यांसाठीं झटण्याची शपथ वाहतो. आज आमच्या तिसगांवच्या मांडवांत कर्णे नवे, मंत्र जुनेच, आणि पदवी घेतलेली मुलगी मुकी! मग शिकविलीत कशाला, असें आम्ही तिच्या बापाला विचारतों.

बंधुभगिनींनो, तुळशीचें लग्न झालें कीं मुहूर्त निघतील. संकल्पाचा अर्थ मराठींत सांगेपर्यंत दक्षिणा कनवटीलाच ठेवा, आणि नवरीला काय विचारायचें असेल तें भर मांडवांत विचारूं द्या.